अधू डोळा आणि वैद्यकाचा अभ्यास



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. दिघीसारख्या बंदरगावात मासळीच्या भावावर, बोटींच्या दुरुस्तीवर, फार तर खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जंजिऱ्यावर व्याख्यान व्हावे हे समजण्यासारखे आहे. परंतु वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा डोळा अधू झाला, तर त्याची चर्चा इथे कशाला? अशी मुले या पंचक्रोशीत किती, आणि त्यांतून डोळ्याचे दुखणे उद्भवलेली किती?

शंका रास्त आहे. तिला माझी उत्तरे दोन आहेत. पहिले असे की, वैद्यकाचे शिक्षण आता आपल्यापासून पूर्वीइतके लांब राहिलेले नाही. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अलिबागेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्या किनाऱ्यावरची मुले तिथे जातील, मुंबईस जातील, आणि त्यांतल्या कोणावर तरी हा प्रसंग येईल. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विसाव्या-बाविसाव्या वर्षी, आयुष्याचा धंदा नुकता हाती घेतलेला असताना डोळा दगा देऊ लागला, तर माणसाने काय करावे, हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा नाही. तो खलाश्याचा आहे, शिंप्याचा आहे, शिक्षकाचा आहे. डॉक्टरचा धंदा सगळा डोळ्यांवर चालतो अशी समजूत असल्यामुळे तिथे हा प्रश्न फार तीव्रपणे उभा राहतो, एवढेच.

शिवाय या व्याख्यानमालांच्या परंपरेशीही या विषयाचे नाते आहे. वसंत ऋतूत लोकांना ज्ञान द्यावे या हेतूने पुण्यास १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे विद्यार्थिदशेतच डोळ्यांच्या दुखण्याने गांजलेले होते. मुंबईस शिकत असताना त्यांचे डोळे इतके बिघडले की, स्वतः वाचणे बंद करून दुसऱ्यांकडून वाचून घ्यावे लागले. पुढेही त्यांची दृष्टी मंदच राहिली, आणि वर्तमानपत्रे व ग्रंथ त्यांना वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंनी वर्षानुवर्षे केले. फार वाचल्याने डोळे गेले, असे तेव्हाचे लोक म्हणत. केवळ वाचनाने डोळा आंधळा होत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण माधवरावांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा कारणाचा नाही, वागण्याचा आहे. त्यांनी आपले दुखणे झाकून ठेवले नाही. दुसऱ्याचे डोळे उसने घेतले आणि काम चालू ठेवले.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: तरुणपणी डोळ्यावर संकट येते तेव्हा पुष्कळदा रोगाच्याही आधी लपवाछपवी हानी करते. आणि जी हानी रोगाने होतेच, तिच्यानंतरही मागे जे उरते ते आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक असते.

तरुण वयातील डोळ्याचे शत्रू

म्हातारपणी मोतीबिंदू होतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. परंतु विशी-पंचविशीतही डोळ्याला गंभीर रोग होतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. त्यांची ओळख करून घेण्यापूर्वी डोळ्याची रचना दोन वाक्यांत सांगतो. डोळ्याच्या पुढच्या बाजूस घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. त्यामागे भिंग, भिंगामागे जेलीसारखा स्वच्छ गर, आणि सर्वांत आत, भिंतीला कागद लावावा तसे पातळ दृष्टिपटल पसरलेले असते. पडलेली प्रतिमा ते टिपते, आणि दृष्टितंतू ती मेंदूकडे नेतो.

आता पारपटल काहींच्या बाबतीत वयात येताना हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ लागते. मुलाच्या चष्म्याचा तिरकस नंबर दर सहा महिन्यांनी बदलू लागतो, दिव्याभोवती किरणे फाकलेली दिसतात, चष्मा लावूनही अक्षर स्पष्ट होत नाही. डोळे खाजून चोळण्याची सवय या रोगाला हातभार लावते. हा झाला पहिला शत्रू.

दुसरा शत्रू दृष्टिपटलाचा. ज्यांना लांबचे दिसत नाही आणि चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला आहे, त्यांचा डोळा मागेपुढे लांबलेला असतो. त्यामुळे आतले दृष्टिपटल ताणलेले आणि कडेला विरळ झालेले असते. विरलेले कापड फाटावे तसे ते एखादे दिवशी फाटते. त्या छिद्रातून पातळ पाणी मागे शिरते आणि ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसे दृष्टिपटल सुटू लागते. या वेळी डोळा दुखत नाही, लालही होत नाही. काळे ठिपके एकाएकी वाढतात, अंधारात विजेसारखे चमकारे दिसतात, आणि मग एका कडेकडून सावली चढू लागते. वेदना नाही म्हणून माणूस थांबतो, आणि थांबण्यातच घात होतो.

तिसऱ्या प्रकारात डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजून फुटतात आणि आत रक्त उतरते. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स याने १८८० मध्ये वर्णिलेला हा विकार आपल्या देशात तरुण पुरुषांमध्ये विशेष आढळतो. चौथा प्रकार आनुवंशिक रोगांचा. कोणाला प्रथम रातांधळेपणा येतो, मग दृष्टीचे क्षेत्र आकसत नळीतून पाहिल्यासारखे होते. आईकडून येणाऱ्या एका दृष्टितंतूच्या रोगात तर धडधाकट तरुणाचा एक डोळा आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा मंद होतो.

पाचवा शत्रू मात्र आपण स्वतः घरात आणतो. डोळे खाजले, लाल झाले की दुकानातून परस्पर थेंबांची बाटली आणावयाची, आराम पडला की पुन्हा तीच आणावयाची. त्यांतील कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. खारा वारा आणि पाण्यावरची तिरीप यांमुळे आपल्या किनाऱ्यावर डोळे लाल होणे नेहमीचेच आहे. म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम सांगतो.

तीन आठवडे

सभेत स्वतःविषयी बोलणे फारसे प्रशस्त नव्हे. तथापि ज्या चुकीविषयी मी इतरांना सावध करू पाहतो, ती माझ्या हातून घडलेली आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मी १९८४ साली मुंबईस वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात होतो. लहानपणापासून जाड काचांचा चष्मा. परीक्षा महिन्यावर आली होती. एका रात्री उजव्या डोळ्यात कोपऱ्याशी चमकारे दिसू लागले. दोन दिवसांनी काजळीचे कण उडावेत तसे ठिपके दिसू लागले. चौथ्या दिवशी खालच्या बाजूने करडी सावली आली. मी वाचनालयात जाऊन वरच्या वर्गाचे नेत्ररोगाचे पुस्तक काढले आणि ते पान वाचले. जे वाचले ते माझ्याशी अक्षरशः जुळत होते. मी पुस्तक मिटले, जागेवर ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही.

का सांगितले नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. परीक्षा बुडेल ही भीती होती. पण तिच्याही मागे एक मोठी भीती होती: डोळ्याने अधू मुलाला डॉक्टर कोण होऊ देईल? वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढले होते. घरी कळले तर आई धीर सोडील असे वाटे. न बोलल्याने रोग नाहीसा होत नाही एवढे तर्कशास्त्र मला अवगत होते, पण भीतीपुढे तर्क चालत नाही. परक्या रोग्याला जी सूचना मी क्षणात दिली असती, ती मला स्वतःला देता आली नाही.

तीन आठवडे मी असे काढले. व्याख्यानात पुढच्या बाकावर सरकलो, जिना उतरताना कठड्याला हात लावू लागलो. त्या काळी आम्हा विद्यार्थ्यांच्या सूक्ष्मदर्शकाला एकच नळी असे. एके दुपारी शेजारच्या मित्राने सहज विचारले, “अरे, तू हल्ली डाव्या डोळ्याने का बघतोस?” मला खोटे बोलवेना. त्याने काचपट्टी तशीच ठेवून माझा दंड धरला आणि मला नेत्रविभागात नेऊन बसविले.

तपासणाऱ्या सरांनी बराच वेळ आत पाहिले. मग ते एवढेच म्हणाले, “पंधरवड्यापूर्वी आला असतास, तर मधला भाग शाबूत सापडला असता.” शस्त्रक्रिया झाली, दृष्टिपटल जागेवर बसले. कडेची दृष्टी आली. मधली, ज्या दृष्टीने आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो, ती फारशी आली नाही. डाव्या डोळ्याच्या कडेलाही विरळ जागा सापडल्या, त्या वेळीच बंद करण्यात आल्या. तो डोळा आजही काम देतो. दोन डोळ्यांचा रोग एकच होता. एकाच्या बाबतीत मी गप्प बसलो आणि दुसऱ्याच्या बाबतीत बोललो, एवढाच काय तो फरक.

शास्त्राने काय साधले आहे

हा फरक पडू शकतो, कारण शास्त्राने दीडशे-पावणेदोनशे वर्षांत फार मोठा पल्ला गाठला आहे. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. त्यापूर्वी डोळ्याच्या आत काय बिघडले आहे हे वैद्याला दिसतच नसे. साधन आले तरी सुटलेल्या दृष्टिपटलावर उपाय नव्हता. लोझानच्या झ्यूल गोनँ याने १९२० च्या सुमारास असे दाखवून दिले की, छिद्र हे या रोगाचे मूळ आहे आणि ते शोधून बंद केले तर दृष्टिपटल पुन्हा बसते. त्याच्या समकालीनांना हे पटावयास काही वर्षे लागली. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर याने डोळ्यातील गर बारीक यंत्राने काढून आतून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत आणली. आज विरळ जागेभोवती लेसरने डाग देऊन ती पक्की करणे हे बाह्यरुग्ण विभागात थोड्या वेळात होणारे काम आहे.

पारपटलाच्या रोगाचीही अशीच कथा आहे. एका माणसाचे पारपटल दुसऱ्याला बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म याने १९०५ मध्ये ओलोमोत्स येथे केली. शंकूसारख्या झालेल्या पारपटलावर पुष्कळ वर्षे शेवटचा इलाज तोच होता. मग जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी ‘ब’ वर्गातले एक जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन, डोळ्यात घालून त्यावर अतिनील किरण सोडण्याची युक्ती काढली. त्याने पारपटलातील तंतू एकमेकांशी घट्ट सांधले जातात आणि त्याचे पुढे येणे बहुधा थांबते. माणसांवरील उपचाराचा त्यांचा पहिला अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण येथेही अट तीच आहे. हा उपचार रोग आहे तिथे थांबवितो, गेलेले सगळे परत आणीत नाही. जो लवकर येतो त्याचे पुष्कळ वाचते.

आनुवंशिक रोगांबाबत मात्र अजून हात बरेचसे रिकामे आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत दृष्टिपटलाच्या एका रोगावर जनुकीय उपचारास मान्यता मिळाली. पण तो एकाच जनुकातील दोषापुरता आहे. म्हणजे काही तरुणांना लवकर येऊनही दृष्टी गमवावी लागणार, हे मान्य केले पाहिजे. अशा विद्यार्थ्याला ‘सर्व काही ठीक होईल’ असे सांगणे ही दया नव्हे. मग त्याला सांगावयाचे काय?

वैद्याची इतर इंद्रिये

त्याला प्रथम हे सांगावे की, वैद्यक हा एकट्या डोळ्याचा धंदा कधीच नव्हता. आपल्याकडे वैद्य नाडी पाहतो असे म्हणतात, पण ती पाहतो बोटांनी. नारळ पिकला की नाही हे आपण वाजवून ओळखतो. ऑस्ट्रियातील लेओपोल्ड आऊएनब्रुगर याच्या वडिलांची खानावळ होती. पिंपात दारू कुठवर आहे हे पिंप ठोकून समजते, ही गोष्ट त्याला घरचीच. त्याने तीच युक्ती रोग्याच्या छातीवर चालविली आणि १७६१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आजही फुप्फुसाभोवती पाणी झाले आहे की काय, हे डॉक्टर बोटाने ठोकून अजमावतो. १८१६ मध्ये लाएनेक याने कागदाची सुरळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. डॉक्टरची खूण म्हणून आपण ज्या वस्तूकडे पाहतो, ती वस्तू कानाची आहे, डोळ्याची नव्हे.

ही नुसती कोटी नाही, हे काही माणसांनी सिद्ध केले आहे. शिकागोचा जेकब बोलोटिन जन्मांध होता. दारोदार माल विकून त्याने शिक्षणाचा खर्च भागविला, १९१२ मध्ये वैद्यकाचा परवाना मिळविला आणि हृदय व फुप्फुसांच्या रोगांचा जाणकार म्हणून नाव कमावले. १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो वारला. डेव्हिड हार्टमन याची दृष्टी आठव्या वर्षी गेली. दहापैकी नऊ वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नकार दिला. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने घेतले. १९७६ मध्ये तो डॉक्टर झाला आणि पुढे मानसोपचाराकडे वळला, जिथे मुख्य साधन ऐकणे हेच आहे.

आपल्या देशात बंगळूरच्या डॉ. परमेश्वर यांची दृष्टी वैद्यकाचे शिक्षण चालू असताना अपघातात गेली. त्यांनी शिक्षण सोडले नाही. ते पूर्ण करून औषधशास्त्राकडे वळले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना तो विषय शिकविला. औषध शरीरात कसे शिरते, कसे पसरते, कुठे विष होते, हे ज्ञान समजण्याचे आणि समजावून देण्याचे आहे. त्यासाठी बुद्धी आणि स्मरण लागते.

मुंबईशी निगडित असे आणखी एक नाव आहे. डॉ. नीलकंठराय छत्रपती हे गुजराती डॉक्टर. त्यांची दृष्टी गेली. त्यांनी देशी भाषांसाठी ठिपक्यांची लिपी बसविण्याचा उद्योग केला, आणि मुंबईस १९०२ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. वैद्यकाने शिकविलेली शिस्त त्यांनी दुसऱ्या सेवेत वापरली. त्यांचे शिक्षण फुकट गेले असे कोण म्हणेल?

एक न्याय्य आक्षेप

येथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, “हे सगळे खरे, पण माझ्या मुलाचे आंत्रपुच्छ कापावयाचे असेल तर मला दोन्ही डोळ्यांचा डॉक्टर हवा.” हा आक्षेप मला मान्य आहे. रोग्याची सुरक्षितता ही पहिली गोष्ट, डॉक्टरचा अभिमान नंतर. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. शस्त्रक्रियेनंतर मी पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडत असे. सुईत दोरा ओवावयास, टाका अचूक बसवावयास मला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. सरावाने पुष्कळ सुधारले, मान किंचित हलवून, सावली पाहून अंतर ओळखावयास शिकलो. तरी मी शस्त्रवैद्य व्हावयाचे नाही असे ठरविले आणि औषधोपचाराची शाखा धरली. कोणी मला हाकलले नाही. मीच हिशेब केला.

परंतु ‘अमुक काम याने करू नये’ आणि ‘याने डॉक्टरच होऊ नये’ या दोन विधानांत महदंतर आहे. वैद्यकाच्या शाखा पुष्कळ आहेत: औषधशास्त्र आहे, मानसोपचार आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, पुनर्वसन आहे, अध्यापन आहे. दोन्ही डोळे शाबूत असलेला प्रत्येक डॉक्टर तरी कुठे मेंदूची शस्त्रक्रिया करतो?

आपला कायदाही हळूहळू या भेदाकडे वळत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असेल, म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसते ते ज्याला सहा मीटरवरूनही नीट दिसत नसेल, त्याला हा कायदा मंददृष्टी म्हणतो. दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांपेक्षा आकसले असेल तरीही. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा उत्तम असला, तर २०१८ च्या शासकीय गणनेत अपंगत्व ३० टक्के धरले आहे. म्हणजे अशा विद्यार्थ्याला राखीव जागा नाही. एक डोळा गेला म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत मात्र किती निराधार आहे ते यावरून दिसेल.

वैद्यकासाठी २०१९ च्या नियमांत एक विशेष अट होती: मंददृष्टी विद्यार्थ्याचे अपंगत्व दुर्बीण, भिंग आदी साधनांनी ४० टक्क्यांच्या खाली आले पाहिजे. अशा टक्क्यांच्या हिशेबाला न्यायालयांनी पुढे मर्यादा घातली. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, ते वाणीच्या अपंगत्वाचे होते, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे ठरविले की, केवळ टक्का पाहून कोणाला वैद्यकाचे दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, हे तज्ज्ञ मंडळाने पाहिले पाहिजे आणि नकार दिला तर कारणे दिली पाहिजेत. नियम बदलत राहतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीचा नियम मुळातून वाचावा, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी

आता ज्याच्यावर हा प्रसंग आला आहे, त्याने प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो.

चमकारे, एकाएकी वाढलेले ठिपके, चढणारी सावली, किंवा एका डोळ्याने अकस्मात कमी दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सुट्टीची, सणाची, परीक्षेची वाट पाहू नये. परीक्षा पुन्हा येते. जाड चष्मा असणाऱ्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळा आतून तपासून घ्यावा, आणि अधूनमधून एक एक डोळा झाकून पाहण्याची सवय ठेवावी. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचे दुखणे झाकतो.

निदान झाले की तीन माणसांना सांगावे: घरातील एकाला, वर्गातील एका मित्राला, आणि महाविद्यालयातील एका शिक्षकाला. साऱ्या जगाला सांगण्याची गरज नाही, पण हे तीन हवेत. घरचा माणूस खर्चाचा भार वाटून घेतो, मित्र तुमचे बदललेले वागणे ओळखतो, आणि शिक्षकाला कळल्याशिवाय संस्था काही करू शकत नाही. पुढच्या बाकाची सोय, मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका, सूक्ष्मदर्शकाचे चित्र पडद्यावर मोठे करून पाहण्याची मुभा, या गोष्टी मागितल्या तर मिळतात. ज्यांचे अपंगत्व प्रमाणित झाले आहे त्यांच्यासाठी लेखनिक, आणि परीक्षेत दर तासाला किमान वीस मिनिटे अधिक, अशी तरतूद २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी केली. आज पुस्तक वाचून दाखविणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये असते. हार्टमनला पुस्तके फितींवर ध्वनिमुद्रित करून घ्यावी लागली, माधवरावांना तर वाचणारा माणूसच जवळ हवा असे. आजच्या विद्यार्थ्याची ती अडचण पुष्कळ दूर झाली आहे.

आईवडिलांना एक विनंती आहे. मुलगा म्हणतो डोळ्याने कमी दिसते, तेव्हा प्रथम ‘मोबाइल बघू नकोस’ असे सांगून त्याला गप्प करू नका. मुलगी असेल तर ‘बोलू नकोस, लग्न अडेल’ असेही म्हणू नका. जी गोष्ट घरात बोलता येत नाही, ती दवाखान्यात उशिरा पोहोचते. मी माझ्या वडिलांना सांगितले तेव्हा मला वाटले होते ते कोसळतील. ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “एवढे दिवस एकट्याने वाहिलेस होय? आम्ही कशाला आहोत?”

आणि शिक्षकांना, विशेषतः वैद्यकाच्या शिक्षकांना, सांगावेसे वाटते की, विद्यार्थ्याने आजार सांगितल्यावर आपला पहिला प्रश्न ‘तुझ्याने हे होईल का?’ असा नसावा. ‘तुला काय लागेल?’ असा असावा. पहिला प्रश्न ऐकलेला विद्यार्थी पुन्हा तोंड उघडत नाही, आणि शेजारच्या बाकावरचा, ज्याला स्वतःचे काही सांगावयाचे होते, तोही गप्प राहतो.

आज संध्याकाळी अगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून येताना मी सुकाणूवरच्या माणसाकडे पाहत होतो. अंधारून आले होते, जंजिऱ्याचा तट नुसता काळा दिसत होता. तो पुढे पाहत होता, हे खरे; पण इंजिनाचा आवाजही तो ऐकत होता, भरतीचा ओढ पायाखाली अजमावत होता, आणि शंका आली की नाळेवर उभ्या असलेल्या पोराला हाक मारून विचारत होता. त्या विचारण्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. आपली मुले शिकावयास खाडीपलीकडे जातात, तेव्हा त्यांना एवढे सांगून पाठवा की, दिसेनासे झाले तर हाक मारा. हाक वेळेवर आली तर डोळा वाचण्याची पुष्कळ आशा असते, आणि डोळा न वाचला तरी आयुष्य वाचते.